वैद्यविद्या कोणाच्या दारी?

वैद्यकाचा इतिहास सांगावयाचा म्हटला, की आपल्यापुढे बहुधा शोधांची मालिका उभी राहते. देवीची लस, भूल देण्याचे औषध, रोगजंतूंचा शोध, पेनिसिलिन अशी ती तेजस्वी रांग असते. आणि प्रत्येक शोधाबरोबर मृत्यू एकेक पाऊल मागे हटला, असा आपला समज होतो. हा समज खोटा नाही. पण तो अपुरा आहे. औषध प्रयोगशाळेत जन्मले, म्हणून ते रोग्याच्या ओठापर्यंत जातेच असे नाही. त्या दोहोंमध्ये एक शिकलेला माणूस उभा असावा लागतो. तो माणूस कोण असावा, त्याने कोठे व कोणत्या भाषेत शिकावे, आणि शिकून झाल्यावर त्याने कोणाच्या दारी उभे राहावे, हाही वैद्यकाचाच इतिहास आहे. तो फारसा सांगितला जात नाही. आज त्याच इतिहासाविषयी चार गोष्टी श्रोत्यांपुढे मांडावयाच्या आहेत.

आरंभ एका लहानग्या जिवापासून करू. आनंदीबाई जोशी यांचे नाव मराठी माणसाला सांगावे लागत नाही. १८६५ साली कल्याणास जन्मलेली ही मुलगी १८८३ मध्ये सातासमुद्रापलीकडे गेली, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेऊन डॉक्टर झाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यास निवर्तली. आपण तिचे धैर्य आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या धैर्याचे मूळ आठवत नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला होता आणि तो अवघा दहा दिवस जगला. मुंबईत वैद्यकीय महाविद्यालय सुरू होऊन तेव्हा तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. शिकलेले डॉक्टर होते, रुग्णालये होती, पुस्तके होती. परंतु बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीचा उंबरठा त्या विद्येने ओलांडला नव्हता. विद्या आणि ते दहा दिवसांचे मूल यांच्यामध्ये जे अंतर होते, ते मैलांत मोजण्यासारखे नव्हते.

हे अंतर कसे पडले, ते पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. कंपनी सरकारला आपल्या पलटणींसाठी देशी वैद्य हवे होते, म्हणून १८२२ साली कलकत्त्यास एक वैद्यकशाळा निघाली. तेथे शिक्षण देशी भाषांतून दिले जाई. मुंबईतही १८२६ साली डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली तशीच एक शाळा उघडण्यात आली आणि तिच्यासाठी इंग्रजी वैद्यकग्रंथ देशी भाषांत उतरविण्याचा उद्योगही झाला. मुंबईची शाळा १८३२ मध्ये बंद पडली. कलकत्त्याची शाळा १८३५ मध्ये मोडण्यात आली आणि तिच्या जागी इंग्रजीतून शिकविणारे मेडिकल कॉलेज आले. १८४२ मध्ये गोव्यात पोर्तुगीज अमदानीतील वैद्यकशाळा स्थापन झाली. आणि १८४५ मध्ये सर जमशेटजी जिजीभाई यांच्या औदार्याने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाशेजारी मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले.

या बदलात मोठा लाभ होता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १८३६ साली कलकत्त्यास पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा शतकांचा एक निषेध गळून पडला. १८५१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातून आठ पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली. तीत भाऊ दाजी लाड होते. गोरगरिबांसाठी मोफत दवाखाना चालविणारे, महारोगावर औषध शोधण्यासाठी झटणारे आणि त्याच वेळी शिलालेख वाचणारे भाऊ दाजी हे त्या नव्या विद्येचे उत्तम फळ होते. परंतु लाभाबरोबर एक उंबरठाही बसविला गेला. वैद्यक शिकावयाचे तर आधी इंग्रजी शिकले पाहिजे, इंग्रजी शिकावयाचे तर शहरात राहिले पाहिजे, आणि शहरात राहावयाचे तर पदरी काही असले पाहिजे. म्हणजे रोग सर्वांना होणार, पण त्यावरचे ज्ञान मात्र ठराविक घरांतील ठराविक मुलांनाच मिळणार, अशी व्यवस्था कोणी न ठरविताही झाली.

ही उणीव त्या काळच्या शहाण्या माणसांना दिसत नव्हती, असे नाही. १८६० नंतरच्या दशकात ग्रँट मेडिकल कॉलेजातच देशी भाषांचे वर्ग निघाले. डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारखे अध्यापक त्यांत शिकवीत आणि मराठीतून वैद्यकावर ग्रंथ लिहीत. त्यांची सावत्र मुलगी रखमाबाई हिने पुढे विवाहाच्या प्रसिद्ध खटल्यानंतर इंग्लंडमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि सुरत व राजकोट येथे उभे आयुष्य स्त्रियांच्या रुग्णसेवेत घालविले. परंतु पदवीधर आणि त्याखालचा असे दोन वर्ग एव्हाना रुजले होते. वरच्या वर्गाला कॉलेज व पदवी; खालच्याला मेडिकल स्कूल व परवाना. या खालच्या वर्गातून आले ते आपल्या तालुक्याच्या गावी पाटी लावून बसलेले एल. एम. पी. आणि एल. सी. पी. एस. डॉक्टर. त्यांच्या नावापुढची अक्षरे अल्प मोलाची मानली गेली; पण रात्री-अपरात्री टांग्यातून वा सायकलवरून खेड्यात जाणारा माणूस बहुधा त्यांच्यापैकीच असे.

येथे आपण या इतिहासातील सर्वांत महत्त्वाच्या वळणापाशी येतो. ऑक्टोबर १९४३ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थान सरकारने एक समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. इतका सर्वांगीण अहवाल आपल्या देशात पूर्वी झाला नव्हता. त्यातील आकडे आजही मन विषण्ण करतात. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३७ साली जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १६२ मुले वर्षाच्या आत मरत. सरासरी आयुर्मान २७ वर्षांच्या आसपास होते. ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० माणसांमागे एक परिचारिका असे प्रमाण होते. डॉक्टरांची एकूण संख्या सुमारे साडेसत्तेचाळीस हजार. त्यांपैकी सुमारे तीस हजार, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश, परवानाधारक होते.

समितीने विचार केला की, स्वतंत्र होऊ घातलेल्या राष्ट्रात दोन प्रतींचे डॉक्टर असू नयेत. शहरातील श्रीमंताला उत्तम डॉक्टर आणि खेड्यातील गरिबाला दुय्यम डॉक्टर, ही कल्पनाच तिला अन्यायाची वाटली. तिने असा निर्णय दिला की, परवान्याचा अभ्यासक्रम बंद करावा, मेडिकल स्कूलांची कॉलेजे करावीत आणि सर्व देशासाठी एकाच प्रकारचा, रोगनिवारणाइतकाच रोगप्रतिबंध जाणणारा डॉक्टर घडवावा. त्या डॉक्टराने समाजाचा वैद्य व्हावे, अशी तिची अपेक्षा होती. काही सदस्यांनी भिन्न मत नोंदविले. डॉक्टरांची एवढी वाण असताना हा मार्ग बंद करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. पण बहुमताचा निर्णय झाला. मेडिकल स्कूले एकामागून एक मिटली वा कॉलेजे झाली. पुण्याचे बै. जी. मेडिकल स्कूल १९४६ मध्येच कॉलेज झाले.

या निर्णयाचा हेतू उदात्त होता. तो समतेचा निर्णय होता. आणि तरीही त्याचा परिणाम विषमतेत झाला, हे इतिहासाचे कटू सत्य आहे. कारण समितीने जोडीला आणखी पुष्कळ सांगितले होते. दहा ते वीस हजार वस्तीमागे पंच्याहत्तर खाटांचे रुग्णालय असावे, हे तिचे दूरचे स्वप्न होते. तूर्त चाळीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, हे जवळचे. १९५२ च्या गांधीजयंतीस सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर पहिली आरोग्य केंद्रे आली. परंतु पैशाची तरतूद अपुरी पडली, केंद्रे तुटपुंजी राहिली, आणि एकाच उत्तम प्रतीचा जो डॉक्टर घडला, त्याने शहराची वाट धरली. अहवालातील स्वस्त भाग अमलात आला. खर्चिक भाग कागदावर राहिला. दुय्यम डॉक्टर नको म्हणून आपण शिडीची खालची पायरी काढली. पण खेड्यातील माणूस वरच्या पायरीवर चढला नाही, तो जमिनीवरच राहिला.

त्याच काळात दुसरा एक विचार मांडला गेला होता. काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीची आरोग्यविषयक उपसमिती मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक कर्नल साहिबसिंग सोखे यांच्या अध्यक्षतेखाली बसली होती. हजार वस्तीमागे एक आरोग्य कार्यकर्ता, गावातूनच निवडलेला व साध्या वैद्यकात तयार केलेला, असावा असे तिने सुचविले. त्या सूचनेकडे तेव्हा कोणी फारसे पाहिले नाही.

आणि हे दुखणे केवळ आपले होते, असेही नाही. १९७१ साली वेल्समधील कोळसाखाणींच्या खोऱ्यात गरीब खाणकामगारांवर उपचार करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने एक निबंध लिहिला. चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता ही तिच्या गरजेशी व्यस्त प्रमाणात असते, असा त्याचा आशय होता. जेथे आजार अधिक तेथे डॉक्टर कमी, आणि जेथे बाजाराचे राज्य अधिक तेथे हे व्यस्त प्रमाणही अधिक. हे इंग्लंडसारख्या सधन देशाविषयी लिहिले गेले, जेथे १९४८ पासून औषधोपचार सर्वांना सरकारी खर्चाने मिळत होता! मग आपली कथा काय?

आपल्या कथेला निराळे वळण मिळाले ते महाराष्ट्रातील एका दुष्काळी तालुक्यात. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य त्या वेळच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जामखेडला आले. दोघेही वेल्लोरला शिकलेले. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले. त्यांनी प्रथम प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत पाठवून पाहिल्या. तो प्रयत्न साधला नाही. परिचारिका गावाच्या नव्हत्या आणि गाव त्यांचे नव्हते. तेव्हा त्यांनी गावालाच आपली बाई निवडावयास सांगितले. गावांनी निवडलेल्या स्त्रियांत पुष्कळशा निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्या जामखेडला येत, एकत्र बसून शिकत आणि परत जाऊन गावाला शिकवीत. बाळंतपण, हगवणीत मुलाला मीठ-साखरेचे पाणी, पिण्याचे पाणी, आहार, लसटोचणी हा त्यांचा अभ्यासक्रम. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नसे, तिच्या हाती गाव आपले नवजात मूल देऊ लागले. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात या घटनेला नाव नाही. समाजाच्या इतिहासात मात्र तिला फार मोठे स्थान आहे. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडने जे करून दाखविले, ते मोजून दाखविण्याचे काम पुढे गडचिरोलीत झाले. १९८२ मध्ये चांद्याहून वेगळ्या झालेल्या या वनप्रदेशात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी काही वर्षांतच आपले कार्य आरंभिले. नागपूरला वैद्यक शिकून हेही दोघे बाल्टिमोरला संशोधनाची रीत शिकून आले होते. त्यांचा पहिला मोठा निबंध १९८९ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आला. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून राणीबाईंनी दाखवून दिले की, त्यांतील शेकडा ९२ स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता; आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शेकडा आठ. तोवर जगात खेड्यातील स्त्रीच्या शरीराविषयीचे ज्ञान म्हणजे तिच्या बाळंतपणाविषयीचे ज्ञान, एवढेच समीकरण होते. ती आई नसते तेव्हाही तिला दुखते, हे कोणी विचारलेच नव्हते.

त्यानंतर मुलांच्या न्यूमोनियाचा प्रश्न हाती घेण्यात आला. न्यूमोनिया ओळखण्याची सोपी खूण म्हणजे श्वासांची गती. पण मिनिटाला पन्नास-साठ श्वास मोजणे निरक्षर दाईला कसे जमावे? डॉ. बंगांनी एक लहानसे साधन तयार केले. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दाईला दहापर्यंत मोजता येत होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याआधी तांबड्या मण्यापर्यंत हात पोचला, तर मुलाला न्यूमोनिया आहे आणि औषध दिले पाहिजे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या ५८ गावांत ही व्यवस्था केली होती तेथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या ४४ गावांच्या मानाने, निम्म्याहूनही कमी होते. वैद्यविद्येतील एक पान सोपे करून दाईच्या हाती दिले, एवढेच झाले होते.

आणि मग प्रश्न आला त्या दहा दिवसांच्या मुलाचा. वर्षाच्या आत दगावणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातच जात आणि त्यांना वाचवावयाचे तर रुग्णालयच हवे, असे शास्त्राचे मत होते. पण बाळ आणि बाळंतीण या काळात घराबाहेर पडत नसत आणि रुग्णालय दूर होते. म्हणून ३९ गावांत प्रत्येकी एक थोडीफार शिकलेली स्त्री निवडण्यात आली. बाळाला उबेत कसे ठेवावे, त्याचे वजन कसे घ्यावे, जन्मतः श्वास न घेणाऱ्या मुलाला काय करावे, आणि जंतुदोषाची लक्षणे दिसताच प्रतिजैविकाचे इंजेक्शन कसे द्यावे, हे सर्व तिला शिकविले गेले. तुलनेसाठी दुसरी ४७ गावे होती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला हिशेब असा: आरंभी दोन्ही गटांत पहिल्या महिन्यातील मृत्यू हजारी साठच्या आसपास होते. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांत ते तसेच राहिले. प्रयोगाच्या गावांत ते २५.५ वर आले. तुलनेने पाहता घट शेकडा ६२ होती.

एका जिल्ह्यातील यश हे तेथील माणसांचे यश असू शकते. ते इतरत्र साधेल कशावरून, अशी शंका तेव्हा घेतली गेली आणि ती रास्त होती. पुढील संशोधनाने तिचे बरेचसे निरसन केले. बांगलादेशात सिल्हेट जिल्ह्यात गृहभेटींचा प्रयोग झाला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत नवजात मृत्यू शेकडा ३४ ने कमी आढळले. झारखंड व ओडिशातील आदिवासी भागात तर औषधही नव्हते. गावातील स्त्रियांचे गट दर महिन्यास जमत, गोष्टी आणि खेळ यांच्या आधारे बाळंतपणातील अडचणींची चर्चा करीत आणि उपाय स्वतःच ठरवीत. २०१० मध्ये आलेल्या निबंधानुसार तेथे नवजात मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने घटले. आणि नंतरच्या विश्लेषणात आढळलेली गोष्ट अधिक मोलाची आहे: सर्वांत वंचित घरांत ही घट सर्वांत अधिक होती. एरवी कोणतीही नवी सोय आली की तिचा लाभ प्रथम सुस्थित घरे घेतात आणि विषमता काही काळ वाढते. येथे उलट झाले, कारण विद्या वरून खाली झिरपली नाही. ती खालीच, गरजेच्या जागी, उगवली.

दरम्यान सरकारनेही पावले उचलली होती. १९७५ च्या श्रीवास्तव समितीने वैद्यकीय शिक्षणाची दिशा बदलण्याचा आणि समाजातूनच आरोग्यसेवक उभे करण्याचा आग्रह धरला. १९७७ मध्ये तशी एक देशव्यापी योजनाही सुरू झाली, पण ती टिकली नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ‘आशा’ आली, आणि २०११ पासून नवजात बाळाच्या घरभेटींचे काम तिच्याकडे सोपविण्यात आले. सोखे समितीने हजार वस्तीमागे एक म्हणून ज्या कार्यकर्त्याची कल्पना केली होती, ती साठ वर्षांनी प्रत्यक्षात उतरली.

परंतु चित्राची दुसरी बाजू पाहिल्याविना हा इतिहास पुरा होत नाही. डॉक्टर जेथे गेला नाही, तेथील जागा मोकळी राहिली असे कोणी समजू नये. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत निरोगी माणसांना रोग्याची भूमिका शिकवून मध्य प्रदेशातील खेड्यांत उपचारकांकडे पाठविण्यात आले. कोणी छातीत दुखते म्हणून सांगावे, कोणी दम लागतो म्हणून, कोणी घरी मुलाला हगवण लागली म्हणून. तेथील सुमारे दोन तृतीयांश उपचारकांपाशी वैद्यकाची कसलीही पदवी नव्हती. रोग्याच्या वाट्याला सरासरी चार मिनिटेही आली नाहीत. आणि विशेष असे की, काय विचारावे व काय तपासावे या बाबतीत शिकलेला आणि न शिकलेला यांच्यात फरक थोडाच आढळला. म्हणजे पदवी असणे आणि रोग्याला नीट पाहणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

मग अशा माणसांचे काय करावे? छत्तीसगडने २००१ साली तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला. वाद उठले आणि काही वर्षांतच तो बंद पडला. पण त्यातून बाहेर पडलेले विद्यार्थी ग्रामीण केंद्रांवर नेमले गेले. त्यांची तुलना एम. बी. बी. एस. अधिकाऱ्यांशी केली असता, नेहमीच्या आजारांच्या उपचारात ते कमी ठरले नाहीत, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिसते. बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात ३०४ पदवीहीन उपचारकांपैकी निम्म्यांना नऊ महिने शिकविण्यात आले. २०१६ च्या निष्कर्षांनुसार त्यांचे उपचार सुधारले आणि सरकारी डॉक्टरांशी असलेले त्यांचे अंतर जवळजवळ अर्ध्यावर आले. मात्र अनावश्यक औषधे देण्याची त्यांची सवय सुटली नाही. शिक्षणाने कौशल्य येते. पण औषध विकूनच ज्याचे पोट भरते, त्याची सवय केवळ शिक्षणाने कशी जावी? तेव्हा या मार्गाला सर्वरोगहारी मानण्याचे कारण नाही.

२०१९ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या बत्तिसाव्या कलमात मर्यादित परवान्याच्या आरोग्यसेवकाची तरतूद आहे. त्यावर डॉक्टरांनी देशभर निषेध केला. दोन्ही पक्षांची भाषा ऐकताना १९४६ ची आठवण होत होती. गरिबाला दुय्यम डॉक्टर का, असे एक पक्ष विचारीत होता. मुळीच नसण्यापेक्षा कोणी तरी बरा, असे दुसरा म्हणत होता. त्र्याहत्तर वर्षे वाद तोच होता.

मला वाटते, प्रश्न या रीतीने मांडण्यातच चूक आहे. जामखेड आणि गडचिरोली येथील स्त्रिया दुय्यम डॉक्टर नव्हत्या. त्या डॉक्टरच नव्हत्या. जे काम डॉक्टराला जमण्यासारखे नव्हते, ते त्या करीत होत्या: रोग्याच्या घरात रात्री असणे, सासूची समजूत घालणे, तिसऱ्या दिवशी बाळाचा हात लावून अंदाज घेणे. त्यांच्या पाठीशी रुग्णालय होते आणि शिकविणारा डॉक्टर होता, म्हणून त्यांचे काम टिकले. गावातील सेविकेला पाठबळ न देता एकटी उभी केली, तर ती गरिबाची फसवणूकच होईल. आणि एक गोष्ट अधिक. ज्या आशा कार्यकर्त्यांना २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरविले, त्यांना आपण वेतन देत नाही, मानधन देतो. विषमता कमी करण्याचे काम जिच्यावर सोपविले, तिच्याशीच विषमतेने वागणे शोभणारे नाही.

राहिला प्रश्न डॉक्टराच्या शिक्षणाचा. २०१४ मध्ये आपल्या देशात एम. बी. बी. एस. च्या जागा सुमारे ५१ हजार होत्या. २०२४ मध्ये त्या १ लाख १२ हजारांच्या घरात गेल्या. परंतु केवळ संख्येने हे अंतर मिटत नाही, हे आपण स्वातंत्र्यानंतर पाहिलेच आहे. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महाविद्यालय काढले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीला एक खेडे नेमून देण्याची प्रथा घातली. २०२२ मध्ये आयोगाने तोच धागा पकडून प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबांशी नाते जोडावे असा नियम केला. हा नियम वह्यांतील नोंदींपुरता राहील, की विद्यार्थी खरोखरच त्या घराच्या ओटीवर बसेल, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. शव पाहून शरीराची रचना कळते. घर पाहिल्याखेरीज रोग कळत नाही.

१९३७ साली हजारी १६२ असलेला अर्भकमृत्यू २०२० मध्ये हजारी २८ वर आला, ही लहान गोष्ट नाही. परंतु त्याच वर्षी केरळात तो ६ होता आणि मध्य प्रदेशात ४३. जन्माचे गाव बदलले की जगण्याची शक्यता अशी बदलते. या दोन आकड्यांमधील अंतरात दारिद्र्य आहे, स्त्रीशिक्षण आहे, पाणी आहे, शासन आहे. आणि त्यात वैद्यविद्येने गाठलेला वा न गाठलेला उंबरठाही आहे.

आज गावातील आशा बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या दिवशी जाते, सातव्या दिवशी जाते, चौदाव्या दिवशी पुन्हा जाते. दहावा दिवस या भेटींच्या मध्ये येतो. आनंदीबाईंना ज्यासाठी समुद्र ओलांडावा लागला, त्यासाठी आज एक बाई गल्ली ओलांडून येते. तिच्या झोळीत तापमापक आहे, वजनकाटा आहे, आणि दीडशे-पावणेदोनशे वर्षे कॉलेजाच्या भिंतीआड राहिलेल्या विद्येतील काही पाने आहेत. ती पाने वाढविणे, आणि ती घेऊन येणाऱ्या हातांचा मान राखणे, हे काम आता आपल्यावर आहे.